त्रिफळा चूर्णाचे चार डबे

टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पिशवीतून त्रिफळा चूर्णाचे चार डबे काढून टेबलावर मांडले आणि हे काय म्हणून विचारलं. बळवंत गोफणेला इंग्रजी येत नव्हतं. त्याने पोटावर हात ठेवला आणि तीन दिवस परसाकडं न झालेल्या माणसाचा चेहरा केला. अधिकारी हसला. त्याने वरचाच डबा उघडून पाहिला. वरच्या डब्यात खरोखर त्रिफळा होतं.

*

शेजारच्या शेतातल्या एल्मरने रबराचं बारकं कडं चिमट्याने ताणलं आणि गंमत म्हणून बळवंतच्या पोराच्या, विक्रमच्या, करंगळीवर सोडलं. दोन मिनिटांत करंगळी जांभळी पडली. कोकराच्या शेपटीला हेच चढवतात, तो म्हणाला. तीन आठवड्यांत शेपूट वाळतं आणि आपसूक गळून पडतं.

*

ब्रॅम्पटनला अनीस काझींच्या बेसमेंटमधल्या फ्रिजवर साठ कुटुंबांची यादी चिकटवलेली. प्रत्येक नावापुढे कुर्बानीचं एक कोकरू. यादीच्या वर मिरजेच्या शाळेतल्या वळणदार मराठीत एकच शब्द: शेपटीसकट.

*

हिरवी माशी एका बैठकीत दोनशे अंडी घालते. लोकर ओली असेल आणि ऊन असेल तर ती बारा तासांत फुटतात.

*

अंगणात मॅपलचं एकच झाड. त्याची पानं उडवायला विक्रमने पाठीवर बांधायचा, पेट्रोलवर चालणारा ब्लोअर घेतला होता. एका झाडासाठी तो जरा जास्तच होता.

*

रेजिनाला ऊर्मीचं अपेंडिक्स फुटलं.

चौदा

बकरी ईद चौदा दिवसांवर आली तेव्हा विक्रम आणि छाया या नवराबायकोचं बोलणं बंद होऊन नऊ दिवस झाले होते. ऊर्मी त्यांची एकुलती पोरगी, दूर रेजिना शहरात शिकायला. तिचं पोट फाडावं लागलं होतं आणि छायाला दहा दिवस तिच्यापाशी जायचं होतं. विक्रमचं म्हणणं, ईदचा महिना सोडून कधीही जा. छायाचं म्हणणं, पोर काही कॅलेंडर बघून आजारी पडत नाही. त्यानंतर घरातलं सगळं बोलणं बळवंतच्या मार्फत चालू लागलं. "आबा, तिला सांगा, ट्रकच्या किल्ल्या खुंटीला नाहीत." छाया तिथंच चार हातांवर भांडी विसळत असायची. बळवंत मान वळवून सांगायचा, किल्ल्या खुंटीला न्हाईत. ती म्हणायची, मामा, त्यांच्याच खिशात असतील. बळवंत परत मान वळवायचा. दोन वर्षांत या घराला त्याची एवढी गरज कधी पडली नव्हती.

बाप म्हणून त्याला खायला-प्यायला, अंथरायला-पांघरायला काही कमी नव्हतं. कमी होतं ते मेंढराचं. फलटणच्या बाजूला त्याची हयात मेंढरांमागं गेली होती. कारभारीण वारली, पाय थकले, कळप दुसऱ्याच्या हवाली झाला. मग कॅनडात केंब्रिजच्या मोटारीच्या कारखान्यात असलेल्या पोराने गावाबाहेर पन्नास एकर घेऊन मेंढरं पाळायला काढली, असं फोनवर कळलं, आणि म्हातारा पुन्हा जिवंत झाला. पण इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात विक्रमने सांगितलं होतं, आबा, ही तुमची माणदेशी बकरी नव्हेत, यांना इथल्या पद्धतीनं ठेवावं लागतं, तुम्ही नुसतं बघा. बळवंत दोन वर्षं कुंपणाला टेकून नुसतं बघत होता.

मार्चमध्ये विक्रमने आणखी एक सांगितलं होतं. काझींना ईदला द्यायची साठ कोकरं यंदा नीट पार पडली तर मेंढरं राहतील. नाहीतर सगळी विकायची, कारखान्यात पूर्ण वेळ लागायचं, केंब्रिजला कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घ्यायचा. कॉन्डोत बाप कुठं बसणार हे त्याने सांगितलं नाही. मेंढरं राहिली तर बळवंत राहणार, एवढा हिशेब म्हाताऱ्याला समजत होता.

त्या संध्याकाळी छाया कामावरून बाटली घेऊन आली. शेतीच्या सामानाच्या दुकानात ती कामाला होती. पाऊस थांबत नव्हता, कोवळ्या गवताने कोकरांना ढाळ लागले होते, आणि काझींच्या माणसांसाठी न तोडलेली लांब शेपटं हिरव्या शेणाने लडबडलेली होती. उकिरड्यावर हिरव्या माश्या तिने सकाळीच बघितल्या होत्या. हे औषध पाठीवर आणि ढुंगणावर ओतायचं, माशी बसली तरी अळी जगत नाही, तिने मामांना सांगितलं. चष्मा लावला, बाटलीला चिकटवलेला घडीचा कागद उलगडला, आणि निम्मा फ्रेंच निम्मा इंग्रजी मजकूर बोट फिरवत मराठीत वाचून दाखवला. वाचता वाचता कागद निघून तिच्या हातात आला.

"मामा, एवढं ह्यांना सांगा. मी पहाटेच निघतेय."

"सांगतो की."

कागद हरवायला नको म्हणून बळवंतने तो तंबाखूच्या चंचीत घातला.

तेरा

मेंढी कळपातून फुटून एकटी उभी होती. पाय आपटत होती, मान वळवून स्वतःच्या मागच्या भागाला चावायला बघत होती. बळवंतने कुंपणावरूनच ओळखलं. विक्रम शिफ्टवरून आला होता, अजून कारखान्याच्या बुटांत होता. दोघांनी मिळून तिला पाडलं.

शेपटाच्या मुळाशी लोकर काळी ओली झाली होती. बळवंतने बोटांनी ती फाकवली आणि वास दोघांच्या घशात गेला. खाली कातडं नव्हतं. तिथं सगळं हलत होतं, उकळत्या भातासारखं. हाताच्या पंजाएवढ्या जागेत अळ्या एकीवर एक चढून मांसात डोकी खुपसत होत्या, आणि मेंढी जिवंत होती, डोळे उघडे ठेवून रवंथ करायचा प्रयत्न करत होती.

विक्रमने तोंड फिरवलं आणि ओकला. तोंड पुसून शेडच्या फळीवरची बाटली घेऊन आला. उलटीपालटी करून बघितली. बारीक अक्षरं, आणि कागद चिकटवलेला होता तिथं नुसता डिंकाचा डाग.

"ही तिनं आणली?"

"व्हय."

गेल्या साली एल्मरने जे पाजायला दिलं होतं त्याला अठ्ठावीस दिवस मांस चालत नव्हतं, विक्रम म्हणाला. ईद तेरा दिवसांवर आलेली. ज्या जनावराच्या मांसात औषध आहे ते साठ घरांच्या ताटात घालायचं, तेही त्यांच्या सणाला? काझींना तोंड दाखवता आलं नसतं. तो बोलत असताना बळवंत मेंढीच्या अंगावर गुडघा रोवून बसला होता.

"आबा, तिनं काय सांगितलं का याचं? किती दिवस, वगैरे?"

बळवंतने एक अळी चिमटीत धरून ओढली. ती निम्मी तुटून आली.

"बगा म्हनली," तो म्हणाला.

विक्रमने बाटली फळीवर परत ठेवली. मग काय करायचं, असं त्याने विचारलं नाही, पण तो तसाच उभा राहिला. पोरगं बापापुढं असं हात लोंबकळत उभं राहिल्याला तीस वर्षं झाली होती. बळवंत उठला, खोलीत गेला, आणि त्रिफळाच्या चारपैकी खालचा डबा घेऊन आला.

"सिताफळीच्या बिया हायत. घरी कुटून, वस्त्रगाळ केल्यात."

बारा

या कामाची एक रीत होती आणि ती बळवंतच्या बापाच्या बापापासून चालत आलेली होती. पूड कोरडी वापरायची नाही, तेलात खलायची. गावी करंजाचं तेल असायचं, इथं ओट्यावरचं कनोलाचं. मेंढराचं मुंडकं दोन गुडघ्यांत धरायचं आणि त्याच्या डोळ्यांवर पटक्याचा शेव टाकायचा. अंगठ्याने लेप जखमेत भरायचा, जखमेपलीकडे बोटभर जाऊ द्यायचा नाही. वारा सुटला की काम बंद. हात राखेने धुतल्याशिवाय स्वतःच्या तोंडाला लावायचा नाही. बळवंतच्या चुलतीने एकदा बिया कुटता कुटता पदराने डोळा पुसला होता. तो डोळा पुन्हा उघडला तेव्हा उकडलेल्या अंड्यासारखा झाला होता.

हे सगळं तो सांगत गेला आणि विक्रम पाय धरून ऐकत गेला. आधी कातरीने लोकर उतरवायची. कातर कधी सालपट काढायची, रक्त यायचं, जनावर लाथ मारायचं. एका लाथेने विक्रमचा ओठ फुटला. लेप भरला की घटकाभर काहीच व्हायचं नाही. मग अळ्या बाहेर पडायला लागायच्या, आधी चारदोन, मग मूठमूठ, आणि मेंढीच्या मांडीवरून ओघळून मातीत वळवळायच्या. बळवंत त्या टाचेखाली चिरडायचा. पहिली मेंढी दुसऱ्या सकाळी उठून चरायला लागली होती.

"आबा, हे भारीच आहे," विक्रम म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी दोघांनी सोळा जनावरं केली. रात्री बळवंतच्या अंगठ्याचं कातडं सोलवटून निघालं होतं, जेवताना मीठ झोंबलं, आणि तो भाकरीऐवजी टोस्ट खाऊनही तृप्त झाला.

छायाचा फोन आला. ऊर्मीचे टाके सुकत होते, ती पलीकडून "हाय आजोबा, आय ॲम फाइन" म्हणाली. मग छायाने विचारलं, बाटलीचं ह्यांना सांगितलं ना?

"सांगितलं," बळवंत म्हणाला.

दहा

दोन दिवस पाऊस आणि तिसऱ्या दिवशी कडक ऊन. कुरणातून वाफ निघत होती. सकाळी अकरा नवी जनावरं पाय आपटताना दिसली, त्यातली नऊ काझींची कोकरं. विक्रम कारखान्यात. बळवंतने एकट्याने तीन पाडली, चौथ्याने त्याला पाडलं आणि चिखलात फरफटत नेलं. कुंपणापलीकडून एल्मर ट्रॅक्टर थांबवून बघत होता. त्याने हात वर करून काहीतरी विचारलं. बळवंतनेही हात वर केला. एल्मर निघून गेला.

संध्याकाळी विक्रमला गोठ्यामागं एक कोकरू सापडलं. ते बसून होतं आणि उठत नव्हतं. त्याच्या पाठीवरची लोकर चादरीसारखी एका बाजूला सरकली होती, आणि खाली कण्याचे मणके मोजता येत होते. आतून सळसळ ऐकू येत होती. विक्रमने फावडं उचललं. पहिला घाव कानामागं बसायचा तो जबड्यावर बसला. कोकरू ओरडलं. माणसाचं पोर ओरडावं तसं. दुसरा घाव मानेवर आडवा पडला, तिसरा मातीत. विक्रम रडत होता आणि फावडं हाणत होता. बळवंतने त्याला खांद्याने बाजूला सारलं, कोकराचं मुंडकं मांडीवर घेतलं, खिशातला चाकू काढला आणि एकाच ओढीत गळा चिरला. रक्त त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गरम गेलं.

"मारायचं तर यावं लागतं," तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं. विक्रमने फावडं भिंतीवर फेकलं. साठाची एकोणसाठ झाली होती, त्यातली वीस किडलेली. दिवसाला सोळा या चालीने तुमचा अंगठा पुरायचा नाही, तो ओरडला. एक बरं होईस्तोवर दोन कुजतात. तुमच्या डब्यात औषध आहे का नाही? आहे. मग ते सगळ्यांच्या अंगावर एकदम का पडू नये?

"कोरडं टाकत न्हाईत."

"का?"

"डोळ्यात जातं."

विक्रम हसला. माणसाच्या डोळ्यात धूळ जात नाही का, तो म्हणाला, म्हणून कुणी नांगरायचं थांबतं का.

नऊ

त्या दिवशी शिफ्ट नव्हती. विक्रमने सकाळीच शंभर जनावरं शेडमध्ये कोंडली, इतकी दाट की एकीच्या पाठीवर दुसरीची हनुवटी. दारं लावली, म्हणजे पूड वाया जाणार नाही. बियांच्या पुडीचे उरलेले दोन अख्खे डबे त्याने चुन्याच्या भुकटीत मिसळले आणि ब्लोअरच्या तोंडावर बादलीचं नरसाळं बांधलं. चांगलं काम केलं होतं त्याने. कारखान्यात त्याच्या हाताला मान होता.

बळवंत आत, जनावरांच्या मधोमध उभा होता. पटका सोडून त्याने त्याचे तुकडे केले होते आणि एकेका कोकराच्या डोळ्यांवर बांधत होता. सात बांधून झाले होते. दारातून विक्रमने हाक मारली, आबा, बाहेर या, नाहीतर डोळे मिटून घ्या.

बळवंतच्या जिभेवर एक वाक्य आलं. ते बोलायला अजूनही वेळ होता. त्याने ते तंबाखूबरोबर चघळलं, आणि दोन वर्षं कुंपणाला टेकून काढलेले दिवस त्याला आठवले, आणि विक्रमचं ते "भारीच आहे" आठवलं. तो थुंकला.

"जरा दम धर. एवढी बांधतो," तो एवढंच म्हणाला.

ब्लोअर सुरू झाला.

आवाजाने पहिल्यांदा जनावरं उसळली. शंभर शरीरं एका भिंतीकडे गेली आणि बळवंतचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मग पांढरा ढग आला. तो वर छताला जाऊन आपटला आणि सगळ्यांवर सावकाश खाली बसला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मेंढरं ओरडायला लागली. आयुष्यभरात त्याने त्यांचं शंभर प्रकारचं ओरडणं ऐकलं होतं, लांडग्याचं, विंचवाचं, अडलेल्या मेंढीचं. हे त्यातलं नव्हतं. ती डोळे घासायला लागली. एकमेकांच्या लोकरीवर, फळ्यांवर, खिळ्यांवर, तारेवर. एका कोकराने तारेवर डोकं घासून पापणी फाडून घेतली आणि तरी घासत राहिलं. खाली पडलेल्यांवरून बाकीची गेली. हाड मोडल्याचा आवाज झाला.

बळवंतच्या उजव्या डोळ्यात कुणीतरी निखारा दाबला. तो डाव्या डोळ्याने दाराकडे गेला, जनावरांवरून, गुडघ्यांवर. विक्रमला आवाज अडवायला कानांवर चढवलेल्या टोपणांमुळे काही ऐकू येत नव्हतं. ढगामुळे काही दिसत नव्हतं. तो नरसाळं हलवून उरलेली पूड पाडत होता. बळवंतने फळीला टेकवलेली काठी उचलली आणि पोराच्या मनगटावर घातली. मग खांद्यावर. मग डोक्यावर, कानाच्या वर, जिवाच्या आकांताने. विक्रमने वळून दोन्ही हातांनी त्याला ढकललं. म्हातारा मागं गेला आणि चाऱ्याच्या लोखंडी गव्हाणीच्या काठावर बरगड्यांनी आदळला.

ब्लोअर आपोआप बंद पडला तेव्हा दोघंही जमिनीवर होते. विक्रमच्या कानातून रक्त येत होतं.

नळी लावून त्यांनी संध्याकाळपर्यंत डोळे धुतले. एक जण मुंडकं धरायचा, दुसरा पाणी सोडायचा. मधे एकदा विक्रमने बापाचं मुंडकं तसंच काखेत धरलं आणि त्याच्या डोळ्यात पाणी सोडलं.

माश्या मात्र मेल्या. अळ्याही मेल्या. शेडमध्ये त्यांचा खच पडला होता.

चार

छाया परत आली तेव्हा सासऱ्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, छातीला पट्टा होता, आणि नवऱ्याच्या कानावर पाच टाके होते. इमर्जन्सीत दोघांनी सांगितलं होतं, मेंढरांनी तुडवलं. ती बॅग न सोडता कुरणात गेली. कोकरं एकमेकांना अंग लावून उभी होती. कुणाचा एक डोळा दुधाळ, कुणाचे दोन्ही. ती चालत गेली तशी निम्म्यांनी माना वळवल्या, आणि चुकीच्या बाजूला वळवल्या.

तिने रोज दोनदा मलम घालायला सुरुवात केली. महिन्याभरात काही डोळे निवळतील, दुकानातल्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ईदला चार दिवस होते.

दोन

अनीस काझी स्वतः आले. मिरजेत त्यांच्या वडिलांचं तंबोऱ्यांच्या गल्लीत दुकान होतं, आणि बळवंतशी बोलायला मिळावं म्हणून ते एरवीही महिन्यातून एकदा यायचे. आज त्यांनी चहा नको म्हटला. एकेक कोकरू पकडून ते त्याच्या डोळ्यासमोर तळहात हलवायचे, शेपूट बोटांनी खालपर्यंत चाचपायचे, कानाच्या कडा बघायचे. ज्याची पापणी हलली त्याला डावीकडे, नाही हलली त्याला उजवीकडे. डावीकडे सतरा झाली. त्यातली सात बळवंतने पटका बांधलेली.

"मामा, डोळा गेलेलं आमच्यात चालत नाही," काझी शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता. "तुम्ही शेपटं राखली. मी विसरणार नाही. पण अंग पुरं पाहिजे."

बळवंतने मान डोलवली. ते जाईपर्यंत तो उभा राहिला.

गाडी वळणाआड गेल्यावर विक्रम शेडमध्ये गेला आणि लेपासाठी उघडलेला, तळाशी थोडी पूड उरलेला पहिला डबा घेऊन आला. त्याने बापाला मानेला धरून भिंतीला लावलं. पट्टा बांधलेल्या बरगड्यांवर गुडघा रोवला, डब्याचं झाकण दातांनी काढलं.

"तुझं औषध ना? दुसरा डोळा उघड."

त्याने बापाला तू म्हटलं होतं. म्हाताऱ्याने डावा डोळा मिटला नाही. उघडाच ठेवला.

छायाने नवऱ्याचं मनगट धरलं. काठी बसलेलंच मनगट होतं ते, तिने तिथंच दाबलं. डबा खाली पडला आणि चिखलात उपडा झाला.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. एकवीस दिवसांतलं तिचं नवऱ्याशी पहिलं बोलणं. "औषध त्यांचं, पण ब्लोअर तुमचा."

विक्रम खाली बसला. तू आणलेली बाटली वापरली असती तर, तो म्हणाला, पण अठ्ठावीस दिवस कुठून आणणार होतो मी? सांग ना. अठ्ठावीस दिवस कुठून आणणार होतो?

छायाचा हात अर्ध्यात थांबला. ती सासऱ्याकडे बघायला लागली. बळवंत भिंतीला टेकूनच होता. कोकरं ओरडत होती. तिने तोंड उघडलं, नवऱ्याच्या कानावरचे टाके बघितले, पायाजवळचं फावडं बघितलं, आणि मिटलं.

विक्रम घरात गेल्यावर ती सासऱ्यासमोर येऊन तळहात पसरून उभी राहिली. बळवंतने चंची सोडली. घडीचा कागद तंबाखूने पिवळा पडला होता. तिने तो न उलगडता चिखलातल्या पुडीवर टाकला आणि बुटाने खोल दाबला.

शून्य

ईदच्या दिवशी लिलावाच्या बाजारातून मोठा ट्रक आला. त्यात जायची होती बेचाळीस कोकरं, आणि शेडमध्ये चेंगरून मेलेल्या तिघी सोडून बाकी सगळ्या मेंढ्या. ड्रायव्हर फळीवर वल्ह्यासारखं प्लॅस्टिक आपटत होता. आंधळी जनावरं आवाजाने मागं सरायची, एकमेकांत घुसायची, खाली पडायची. विक्रमने एकीला पायाला धरून ओढलं. ती पहिली मेंढी होती, अंगठ्याने बरी केलेली. तिच्या शेपटाच्या मुळाशी नवी लोकर उगवत होती आणि दोन्ही डोळे पांढरे होते. विक्रमने तिच्या तोंडावर बूट घातला.

बळवंत बरगड्या धरून फळीवरून ट्रकमध्ये चढला. आत अगदी टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक घातली, जिभेच्या मुळातून निघणारी, फुर्र करून लांब ओढलेली, गावी संध्याकाळी मेंढरांना जाळ्याच्या वाघरीत बोलवायची. बाहेरचा गोंधळ थांबला. पहिल्या मेंढीने कान उचलले. मग फळीवर खूर वाजले. एकामागून एक ती सगळी आवाजाच्या रोखाने चढून आली, डोळस आणि आंधळी, आणि त्याच्या मांड्यांना तोंडं घासत उभी राहिली. त्याला बाहेर पडायला जागा उरली नाही. ड्रायव्हरने त्याला बाजूच्या दारातून हात देऊन उतरवलं.

ट्रक गेला. विक्रमने तिकिटाची तारीख सांगितली, सत्तावीस. टोरांटोहून दिल्ली, दिल्लीहून पुणे, पुढं नंदन न्यायला येईल, चुलत्याचा पोरगा. बळवंत बरं म्हणाला. छाया दारात उभी होती. तिने कुणाचाच निरोप कुणाला दिला नाही.

चौदा

छायाने बाटलीचा कागद वाचून दाखवला तेव्हा, मांसासाठी किती दिवस थांबायचं हे बळवंतने तिला दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तिने सात सांगितलं होतं.